बेणं राखताना

परवा रात्री कम्प्युटरमधून टकटक ऐकू आली.
आधी वाटलं, भरती आहे, खालच्या खांबाला ओंडका आपटतोय.
आमच्या कास्त्रोत किनाऱ्याची घरं खांबांवर उभी,
दिवसातून दोनदा समुद्र पायाखालून जाऊन येतो.
मग ओहोटी लागली. टकटक तशीच.

लेआंद्रो आला, ओला कोट चुलीशी टांगला,
कान लावून म्हणाला, "मावशी, डिस्क जाणार.
आज नाही तर या आठवड्यात."
दाढेबद्दल बोलावं तसं.

आत काय काय आहे, विचारलं त्यानं.
काय सांगू.
एलेउतेरिओच्या भरती-ओहोटीच्या वह्या,
फेरीबोटीवरच्या एकतीस वर्षांच्या,
मी टाइप केलेल्या, दोन बोटांनी, दोन हिवाळे.
बटाट्यांची यादी : एकशे चौदा जाती,
कुठल्या बाईनं कुठल्या बेटावरून दिली त्यासकट.
नातवानं काढलेले फोटो, निम्म्यांत त्याचाच अंगठा.
विजेची बिलं. ती का ठेवली, माहीत नाही.

"अख्खी डिस्क जशीच्या तशी उचलता येते," तो म्हणाला,
"कडीकोयंड्यासकट, कोपऱ्यातल्या कोळ्यासकट."
हे मला कळलं. मी सात वर्षांची असताना
आमचं घर असंच उचललं होतं,
खाली पिंपं बांधून, बोटीनं ओढत, खाडीपल्याड.
साठ माणसं दोरांना, आणि आई ओरडतेय,
अरे, चूल तरी विझवू द्या!
घर पोचलं. दार मात्र पुन्हा कधी नीट लागलं नाही.

"नाहीतर कामाचं तेवढं निवडून ठेवू."
निवडणार कोण? आज जे बिल आहे
ते उद्या त्या महिन्यात आम्ही किती वाजेपर्यंत जागे होतो
याचा एकुलता पुरावा.

"नाहीतर क्लाउड. महिन्याला थोडे पेसो."
मी खिडकीकडे पाहिलं. इथे ढगांवर
कुणी वाळत घातलेली चादरसुद्धा सोपवत नाही.
शिवाय गावच्या लाइनीनं सगळं चढवायला
एकोणीस दिवस. हिशोब त्याचाच.

मग मी त्याला बेण्याचं सांगितलं.
एक पोतं माळ्यावर, एक शेतातल्या खोपटात,
आणि एक एर्मेलिंदाकडे, किंचाओ बेटावर, मध्ये पाणी हवंच.
करप्यानं माझं शेत काळं पडलं त्या साली
ब्रुखा जात तिच्याकडूनच परत आली,
ओल्या पिशवीत, अकरा बटाटे.
लेआंद्रो हसला. "हे शिकायला मी फी भरली, मावशी."

एक डिस्क घरात, एक त्याच्या दुकानात, एक बहिणीकडे. ठरलं.
"घरातली आपोआप चालेल. इथे बदललं की तिथे बदलेल."
आणि इथे पुसलं तर?
"तिथेही पुसलं जाईल."
म्हणजे आरसा. आरशाला कालचं काय ठाऊक?

मार्चमध्ये, नऊ दिवसांच्या प्रार्थना संपल्या त्या रात्री,
मी त्याच्या आवाजाची फाइल पुसली होती.
बोलण्याआधीचा तो खोकला ऐकवेना.
हे भाच्याला सांगितलं नाही.
एवढंच विचारलं, मागचं किती मागे मिळतं?
"तुम्ही ठरवाल तेवढं. बहुतेक लोक तीस दिवस ठेवतात."

तीस दिवस.
बहुतेक लोकांच्या घरातून अजून कुणी गेलं नसावं.
मी म्हणाले, जागा संपेपर्यंत ठेव.

शुक्रवारच्या बोटीनं तिसरी डिस्क गेली,
मिचुन्ये बटाट्यांच्या पोत्यात, लोकरी मोज्यात गुंडाळून.
संध्याकाळी एर्मेलिंदाचा फोन : मिळाली, कपाटात ठेवली.
ठेवली म्हणू नकोस, म्हणाले. उघड. वाचून दाखव.
बराच वेळ नुसता पाऊस, तिच्याकडचा आणि माझ्याकडचा.
चष्मा शोधत असावी.
"चौदा ऑगस्ट," ती वाचू लागली, शाळेतल्यासारखी,
"भरती सहा वाजून दहा. वारा उत्तरेचा.
ओर्तेन्सियानं दिलेला पाव भिजला. खाल्ला."

पुढे?

"पुढे काही नाही गं. पुढे पंधरा ऑगस्ट."